स्मार्ट दिवे घेण्याआधी बोर्ड उघडा

भिगवणजवळ कुंभारगाव, डिकसळच्या बाजूला, उजनीच्या पाणफुगवट्यावर रोहित पक्षी पाहायला येणाऱ्यांची सोय काही घरांतच होते. पाहुणे भल्या पहाटे होडीकडे निघतात. तेव्हा अंगणातला दिवा आपोआप लागला तर बरंच. पण जुन्या घरात पहिला प्रश्न ॲपचा नसतो, बोर्डामागच्या वायरींचा असतो.

स्मार्ट स्विचला स्वतःलाच चोवीस तास थोडी वीज लागते. त्यासाठी फेजबरोबर न्यूट्रलही हवा. ज्या बोर्डावर प्लगसाठी सॉकेट आहे, तिथे तो असतोच. जिन्याच्या टू-वे स्विचमागे मात्र बहुधा नसतो. न्यूट्रलशिवाय चालणारे स्विच मिळतात, पण ते आपली वीज दिव्यातूनच ओढतात. मग बंद केलेला एलईडी कधी कधी रात्रभर मिणमिणतो. दुसऱ्या सर्किटचा न्यूट्रल ‘उसना’ घेण्याचा जुगाड तर नकोच. एमसीबी पाडूनही त्या वायरीचा झटका बसू शकतो.

लाइट जाऊन आल्यावर दिवा लागावा की बंद राहावा, हे सेटिंगमध्ये आधीच ठरवावं; नाहीतर मध्यरात्री सगळं घर उजळायचं!

पाण्याकाठी किडे फार. अंगणात २७०० केल्विनचा पिवळसर दिवा लावला, तर निळसर-पांढऱ्यापेक्षा ते कमी येतात.

वायरमनकडून एकेक बोर्ड उघडून तपासून घ्या, खरेदी त्यानंतर. आणि इंटरनेट बंद असतानाही भिंतीवरचं बटण चालेल, असाच स्विच निवडा.