घाटाचे आडनाव

चाळीसगावच्या माणसापुढे 'घाट' म्हटले की त्याच्या डोळ्यांसमोर एकच घाट येतो. गाव सोडून दक्षिणेला निघाले, की अजिंठ्याच्या डोंगराची निळी भिंत आडवी येते, आणि त्या भिंतीवर वळणे घेत एस.टी. कन्नडला चढते. कुणी त्याला कन्नड घाट म्हणतात, कुणी औट्रम घाट. माझ्या लहानपणी श्रावणात घृष्णेश्वराला जायचे म्हणजे हाच रस्ता. खिडकीशी बसायला मिळावे म्हणून आम्ही भावंडे भांडत असू. अशाच एका फेरीत मी वडिलांना विचारले, "दादा, औट्रम म्हणजे काय?" वडील शेतकरी, चौथी शिकलेले. त्यांनी क्षणभरही विचार न करता अहिराणीत सांगितले, "उतरानी जागा म्हणीसन उतरम!"

उत्तर इतके सरळ होते, की त्यापुढे काही विचारण्यासारखे राहिलेच नाही. चढताना चढण, उतरताना उतरण. आणि आपण खानदेशातले, म्हणजे आपल्याकडून हा उतारच. पुढे हायस्कुलात गेल्यावर भूगोलाच्या सरांनी सांगितले की औट्रम हे एका इंग्रज साहेबाचे आडनाव. मला ते मुळीच पटले नाही. आमच्या वर्गात अकरा पाटील होते, त्यांतला मी एक. पाटील, महाजन, चौधरी, सोनवणे, अहिरराव ही आडनावे. औट्रम हे काय आडनाव झाले? आडनाव असेल तर त्या घरची माणसे कुठे आहेत?

हा प्रश्न मनाच्या कोपऱ्यात तसाच पडून राहिला. नोकरी धुळे जिल्ह्यात झाली, निवृत्तीनंतर धुळ्यातच स्थिरावलो. ज्या गावात इतिहासाचार्य राजवाड्यांनी अखेरचे दिवस काढले आणि १९२६ च्या ३१ डिसेंबरला देह ठेवला, जिथे त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे आहे, त्या गावात राहून एका नावाचे मूळ शोधू नये, याची थोडी लाजही वाटत होती. मग हाती वेळ होता म्हणून शोधू लागलो.

औट्रम हे खरोखरच आडनाव आहे, आणि इंग्लंडातही ते दुर्मीळच. स्मिथ, ब्राउन, टेलर यांच्यासारखी त्याची घरे गावोगाव सापडत नाहीत. त्याचे माहेर म्हणजे इंग्लंडच्या मध्यभागातला डर्बीशायर परगणा आणि त्याला लागून असलेले नॉटिंगहॅमशायर व यॉर्कशायरचा दक्षिण भाग. कोळशाच्या, लोखंडाच्या खाणींचा हा मुलूख. आडनावांचे कोशकार सांगतात की मुळात हे पुरुषाचे नाव होते. पुढे ते नाव कुटुंबाला चिकटले. आपल्याकडे शिंदे, मोरे, जाधव यांची घराणी झाली, किंवा गावावरून 'कर' लागले; तिकडे बापाच्या नावाचेच आडनाव होण्याची चाल फार. लिहिण्यात मात्र एकवाक्यता नाही. कुणी औट्रम, कुणी ओव्ट्रम, कुणी औट्रिम. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया प्रांतात औट्रिम नावाचे गाव आहे, ते याच आडनावाच्या एका राजकारण्यावरून. आणि उच्चार? तो तर आपल्या सगळ्यांना धक्का देणारा. इंग्रज माणूस या आडनावाचा उच्चार 'ऊट्रम' असा करतो! आपण अक्षरे पाहून 'औ' म्हणालो, आणि दीडशे वर्षे म्हणत आलो.

आता घाटाचे साहेब. जेम्स औट्रम. जन्म २९ जानेवारी १८०३, डर्बीशायरमधल्या बटर्ली येथे. वडील बेंजामिन औट्रम हे नावाजलेले इंजिनिअर. बटर्लीचा लोखंडाचा कारखाना उभारण्यात त्यांचा मोठा वाटा. खाणींतला कोळसा कालव्यापर्यंत नेण्यासाठी त्यांनी लोखंडी पट्ट्यांचे रस्ते बांधले. त्यांवरून घोडे डबे ओढीत. आगगाडी यायच्या आधीची ही गोष्ट.

आणि येथे मला वडिलांची आठवण झाली. कारण या बेंजामिनसाहेबांबद्दल इंग्लंडात एक समजूत फार दिवस चालू होती. औट्रमचा रस्ता, म्हणून त्यातला 'ट्रम' घेऊन झाला 'ट्रामचा रस्ता', आणि त्यावरून आली ट्राम! मुंबईत १९६४ पर्यंत धावलेली, कलकत्त्यात त्यानंतरही कित्येक वर्षे खडखडत राहिलेली ट्राम म्हणजे आमच्या घाटाच्या साहेबाच्या वडिलांचे अर्धे आडनाव! वाचून मी खूश झालो होतो. पण शब्दकोशवाल्यांनी हा आनंद टिकू दिला नाही. बेंजामिनचा जन्म १७६४ चा. आणि 'ट्राम' हा शब्द खाणीतल्या गाड्यांसाठी त्याच्या कितीतरी आधीपासून चालू होता. मुळात त्याचा अर्थ लाकडी दांडा, गाडीची दांडी. म्हणजे तिकडे शिकलेल्या लोकांनी ट्राममध्ये औट्रम पाहिला, इकडे माझ्या वडिलांनी औट्रममध्ये उतार पाहिला. वडील एकटे चुकले नव्हते, हे कळल्यावर बरे वाटले.

बेंजामिन १८०५ मध्ये अकाली वारले आणि घर उघड्यावर आले. आई मुलांना घेऊन स्कॉटलंडला गेली. धाकटा जेम्स सोळाव्या वर्षी, १८१९ मध्ये कंपनी सरकारच्या मुंबई फौजेत दाखल झाला. सहा वर्षांनी, १८२५ मध्ये, त्याला खानदेशात पाठवण्यात आले.

तेव्हाचा खानदेश म्हणजे काय होता, हे आज डोळ्यांसमोर आणणे कठीण. पेशवाई बुडून सात वर्षे झाली होती. होळकर-शिंद्यांच्या भांडणात, १८०३-०४ च्या दुष्काळात, पेंढाऱ्यांच्या धाडींत मुलूख ओस पडला होता. सातपुडा, सातमाळा, अजिंठ्याच्या रांगा भिल्लांच्या ताब्यात होत्या. घाटवाटांची राखण करणे आणि त्याबद्दल हक्क घेणे, ही त्यांची पिढ्यान् पिढ्यांची रीत. इंग्रजांनी ती रीत बंडाळी ठरवली. पहिला कलेक्टर कॅप्टन ब्रिग्ज याने धुळ्याला ठाणे केले, फौजा डोंगरांत घातल्या, चिल नाईकासारख्या पुढाऱ्याला फासावर दिले. तरी डोंगर शांत होईनात. तेव्हा गव्हर्नर एल्फिन्स्टनच्या मनाने घेतले, की ज्यांच्याशी लढायचे त्यांनाच शिपाई करावे. भिल्लांची पलटण उभी करायची. हे काम बावीस वर्षांच्या औट्रमवर आले.

त्याने धरणगावला तळ टाकला. सुरुवातीला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच लोक आले. साहेब त्यांच्यात बिनहत्याराचा राहिला, त्यांच्याबरोबर शिकारीला गेला, जखमी झाला तरी हूं की चूं केले नाही, अशा गोष्टी त्याच्या चरित्रांतून रंगवून सांगितलेल्या असतात. दहा वर्षांत त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी वाघ, अस्वले, बिबटे धरून दोनशेच्या वर जनावरे मारली. आज घाटात बिबट्या दिसला तरी पेपरात फोटो येतो, त्यावरून काय ते समजावे! पण पलटण उभी राहिली हे खरे, आणि ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत टिकली. औट्रम १८३५ मध्ये येथून गेला.

पुढची त्याची कारकीर्द वाचकांना ठाऊक असेल. सिंध गिळंकृत करण्याला त्याने उघड विरोध केला आणि त्या लढाईच्या लुटीतला आपला वाटा स्वतःसाठी ठेवला नाही, एवढे त्याच्या बाजूने लिहिले पाहिजे. १८५७ मध्ये लखनौला तो गेला, तो मात्र बंड मोडायलाच. वरिष्ठ असूनही त्याने तेव्हा सेनापतिपद हॅवलॉककडेच राहू दिले. १८६३ च्या मार्चमध्ये फ्रान्समध्ये वारला. लंडनला वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेत पुरला गेला.

एवढ्या एका माणसामुळे हे दुर्मीळ आडनाव जगभर फिरले. माणसांच्या पोटी नव्हे, जागांच्या पाठीवर. कलकत्त्यात हुगळीच्या काठी औट्रम घाट आहे. जानेवारीत गंगासागरला निघालेले यात्रेकरू तेथे उतरतात. तो घाट पायऱ्यांचा, आमचा घाट डोंगराचा, नाव तेच. दिल्लीत किंग्जवे कॅम्पजवळ औट्रम लाइन्स आहे. सिंगापुरात औट्रम रोड आहे, आणि १९८७ पासून तेथील भुयारी रेल्वेचे औट्रम पार्क हे स्टेशनही. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर औट्रम गाव आहे. अंदमानात औट्रम बेट आहे. त्याच द्वीपसमूहातल्या हॅवलॉक बेटाचे २०१८ मध्ये स्वराज द्वीप झाले. ज्याला मोठेपणाने पुढे केले त्याचे नाव गेले, आणि मागे राहिलेल्याचे उरले.

आमच्या घाटाची गंमत याहून वेगळी. १९८६ मध्ये येथील जंगल राखीव झाले, त्याचे नाव गौताळा औट्रमघाट अभयारण्य. इंग्रजी फलकावर या औट्रमचे पहिले अक्षर पाहा. साहेब आपले नाव 'ओ'पासून लिहीत असे. फलकावर 'ए' आहे. म्हणजे इंग्रजी आडनाव मराठीत आले, दीडशे वर्षे खानदेशी तोंडात घोळले, आणि परत इंग्रजीत गेले ते नवे स्पेलिंग घेऊन. इंग्लंडातल्या आडनावकोशात ही शाखा कुणी नोंदवलेली नसेल. घर नाही, माणूस नाही, पण आडनावाची एक शाखा चाळीसगाव तालुक्यात आहे!

त्याच डोंगराच्या पायथ्याशी, पाटणादेवीच्या परिसरात शके ११२८ चा शिलालेख सापडला. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवणाऱ्या मठाला निकुंभ राजांनी दिलेल्या दानाचा तो लेख. राज्य गेले, पाटण ओस पडले. निकुंभ आडनावाची माणसे मात्र खानदेशात आजही भेटतात.

मी हे सगळे टिपून ठेवले होते, आणि बहुधा येथेच थांबलो असतो. पण दोन वर्षांपूर्वी एक जुना विद्यार्थी घरी आला. नोकरीच्या सुरुवातीला मी शिरपूर तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याच्या एका शाळेवर होतो, तेव्हाचा. आता चाळिशीपुढचा, केस पिकलेला. पाया पडला, चहा घेतला आणि पिशवीतून कागद काढले. मुलीच्या दाखल्याचे काम अडले होते. आजोबांच्या जमिनीच्या उताऱ्यावर आडनाव मालचे. त्याच्या स्वतःच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आडनावाच्या जागी 'भिल'. मुलीच्या नावापुढे भलतेच तिसरे. तीन पिढ्या एकाच घरच्या, हे सिद्ध करता करता त्याच्या खेपा संपत नव्हत्या.

"दाखला शाळेच्या रजिस्टरावरून निघाला, गुरुजी," तो म्हणाला. "मी रजिस्टर पाहून आलो. अक्षर तुमचं आहे."

मला आठवले. जूनमध्ये आम्ही पाड्यावर मुले गोळा करायला जात असू. नाव विचारायचे, बापाचे नाव विचारायचे. आडनाव विचारले की पोर गप्प बसे. मग मागच्या गुरुजींनी जे केले तेच मी केले. आडनावाच्या रकान्यात जात लिहिली. एकाखाली एक, अख्खा पाडा 'भिल'. त्या मुलांच्या घरी मालचे, ठाकरे, मोरे, सोनवणे, पवार अशी कुळे होती, लग्ने जुळवताना ती बारकाईने पाहिली जात होती. फक्त वडीलधाऱ्यांना विचारायला हवे होते. पाड्यावर जाऊन विचारायला मला अर्धा तास लागला असता.

मी बोलायला काहीतरी हवे म्हणून त्याला औट्रमची गोष्ट सांगितली. घाट, पलटण, धरणगाव, सिंगापूरचे स्टेशन, सगळे. तो शांतपणे ऐकत होता.

"आणि पलटणीतल्या शिपायांची नावं?" त्याने विचारले.

"हजेरीपट असतीलच. कुठल्या तरी दप्तरात."

"आडनावं असतील त्यात?"

मला उत्तर देता आले नाही. त्याने मग आपल्याकडची गोष्ट सांगितली. सेंधव्याच्या घाटाची राखण खाज्या नाईकाकडे होती; शिरपूरवरून आग्र्याकडे जाणारा तो रस्ता. इंग्रजांचीच चाकरी, पुढे ती गेली, आणि १८५७ मध्ये तो उलटला. १८५८ च्या एप्रिलमध्ये अंबापाणीला मोठी लढाई झाली, १८६० मध्ये तो मारला गेला. "त्या घाटाला बिजासनी घाट म्हणतात," तो म्हणाला. "देवीचं नाव आहे, चांगलं आहे. पण तुम्ही म्हणता ना, घाटाला राखणदाराचं आडनाव... " वाक्य त्याने पुरे केले नाही. चहाचा कप खाली ठेवला.

आम्ही दोघे त्या शाळेवर गेलो. हल्लीच्या मुख्याध्यापकांनी कपाटातून रजिस्टर काढून दिले. पाने पिवळी झालेली, कडा कुरतडलेल्या. माझेच वळणदार अक्षर, शाई अजून ठळक. सतरा नावे, सतरा वेळा तोच शब्द. खाडाखोड करता येत नाही, हे मलाही ठाऊक होते; दुरुस्तीचा अर्ज वेगळा असतो, त्याला पुरावे लागतात, प्रतिज्ञापत्र लागते, नोंद करणारा हयात असेल तर त्याचे निवेदन उपयोगी पडते असे त्यांनी सुचवले. ते मी तेथेच बसून लिहिले. घरी न विचारता जात लिहिली, असे स्पष्ट लिहिले.

दुरुस्ती व्हायला आठ महिने गेले. त्यानंतर उरलेल्या सोळांपैकी चौघे मला शोधत धुळ्याला आले. बाकीच्यांचा पत्ता मी काढतो आहे. गेल्या श्रावणात पुन्हा घृष्णेश्वराला गेलो. शेजारच्या सीटवरच्या नातवाने पाटी वाचून विचारले, औट्रम म्हणजे काय. मी त्याला आधी त्याच्या पणजोबांचे उत्तर सांगितले, मग साहेबाचे. त्याला पणजोबांचेच जास्त आवडले.