चितळाला वाघ कोणत्या रंगाचा दिसतो?

वाघ नारिंगी का असतो, असे एखाद्या विद्यार्थ्याने विचारले तर ‘वाळलेल्या गवतात लपता यावे म्हणून’ असे उत्तर आपण देऊन टाकतो. पण पावसाळ्यात रान हिरवेगार झाले तरी वाघाची शिकार काही थांबत नाही. तेव्हा उत्तराचा उरलेला भाग वाघाच्या कातडीत नसून चितळाच्या डोळ्यांत शोधायला हवा.

आपल्या दृष्टिपटलावर उजेडात काम करणाऱ्या शंकुपेशी तीन प्रकारच्या असतात. त्यांतील रंगद्रव्ये अनुक्रमे सुमारे ४२०, ५३० आणि ५६० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देतात. एकट्या पेशीला रंग कळत नाही. मंद हिरवा आणि प्रखर लाल प्रकाश तिला सारखेच उत्तेजित करू शकतात. निरनिराळ्या पेशींच्या प्रतिसादांची तुलना करून मेंदू रंग ठरवतो. ज्या हरणांच्या डोळ्यांची मोजमापे झाली आहेत, त्यांच्यात शंकुपेशींचे दोनच प्रकार आढळले. हिरव्या-लाल भागात तुलनेला जोडीदारच नसल्याने नारिंगी आणि हिरवा हे त्यांना एकाच जातीचे रंग वाटणार. म्हणजे वाघ झाडीच्याच रंगाचा! सस्तन प्राण्यांच्या केसांत हिरवे रंगद्रव्य तयार होत नाही. काळपट आणि तांबूस-पिवळे मेलॅनिन एवढेच त्यांचे भांडवल. वाघाला हिरवे होता येत नव्हते, आणि तशी फारशी गरजही नव्हती.

झाडावरच्या वानराकडे मात्र आपल्यासारख्याच तिन्ही प्रकारच्या शंकुपेशी आहेत. वानराचा खाकरा ऐकून चितळे सावध होतात, हे ताडोब्याला गेलेल्यांनी अनुभवले असेल. वानराला उंचीचा फायदा असतोच, पण डोळ्यांचाही असावा.

हा फरक आला कोठून? प्राचीन पृष्ठवंशीय प्राण्यांकडे शंकुपेशींचे चार प्रकार होते. पक्ष्यांनी ते राखले. पुष्कळ पक्ष्यांना जंबुपार किरणही दिसतात. सस्तन प्राण्यांचे पूर्वज डायनोसॉरांच्या काळात दीर्घकाळ निशाचर राहिले आणि त्यांच्या बहुतेक वंशजांकडे दोनच प्रकार उरले. गाय, कुत्रा, मांजर यांचे आजही तेवढ्यावर भागते. (लाल कापडामुळे बैल चवताळतो हेही खरे नव्हे. तो चिडतो ते कापडाच्या हालचालीने.)

मग सुमारे तीन ते चार कोटी वर्षांपूर्वी आफ्रिका-आशियातील माकडांच्या आणि आपल्या समान पूर्वजात एक जनुक चुकून दोनदा नकलले गेले. दोन्ही प्रतींत हळूहळू बदल साचले. आज या दोन जनुकांपासून बनणारी प्रथिने प्रत्येकी ३६४ अमिनो आम्लांची आहेत, आणि त्यांच्यात जेमतेम पंधरा ठिकाणी फरक आहे. हिरवा आणि लाल यांतला सगळा भेद त्या पंधरांवर, खरे तर त्यांतल्याही तीन-चारांवर, उभा आहे.

हा बदल टिकला का? पिकलेले फळ हिरव्या पानांत उठून दिसते, हे जुने उत्तर. दुसरे उत्तर पालवीचे. कुसुंबाची किंवा आंब्याची कोवळी पाने तांबूस असतात, आणि पाने खाणाऱ्या माकडांना अशी कोवळी पालवी ओळखता येणे लाभाचे असते. माझ्या मते हा वाद एकाच उत्तराने मिटणारा नाही. पक्ष्यांना मात्र लाल रंग कितीतरी आधीपासून दिसत होता. मॅन्ड्रिलच्या लाल नाकासारखे त्वचेचे संकेत तर तिसरी शंकुपेशी आल्यानंतरचे असावेत, असे माकडांच्या वंशवृक्षाची तुलना केल्यावर दिसते. आधी पाहणारा डोळा, मग दाखवायचा रंग.

या नकलेची किंमत आपण अजून मोजतो आहोत. ही दोन्ही जनुके क्ष गुणसूत्रावर शेजारीशेजारी आहेत, आणि फारच सारखी. त्यामुळे बीजपेशी तयार होताना त्यांची जुळणी चुकते आणि एखादे जनुक गळते किंवा दोहोंची सरमिसळ होते. मुलीकडे दुसरे क्ष गुणसूत्र असते, मुलाकडे नसते. म्हणून उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत लाल-हिरव्या रंगांधळेपणाचे प्रमाण सुमारे ८ टक्के, तर स्त्रियांत अर्धा टक्का आहे. मुलाला हा दोष आईकडून येतो, तिला तिच्या वडिलांकडून किंवा आईकडून.

अणुसिद्धांतामुळे आपल्या परिचयाचा असलेला जॉन डाल्टन असाच होता. १७९४ मध्ये त्याने स्वतःच्या दृष्टीवर निबंध वाचला. आपल्या डोळ्यांतील द्रव निळा असावा, असा त्याचा तर्क होता. १८४४ मध्ये तो वारला, तेव्हा त्याच्या इच्छेनुसार डोळा तपासला गेला. द्रव स्वच्छ निघाला. जपून ठेवलेल्या त्या डोळ्यातील डीएनए १९९५ मध्ये तपासले, तेव्हा हिरव्या रंगद्रव्याचे जनुकच नसल्याचे दिसले.

वर्गात असा मुलगा असेल, तर बहुतेक वेळा त्यालाही ते ठाऊक नसते. हिरव्या फळ्यावर लाल खडूने लिहिलेला महत्त्वाचा शब्द त्याला नेमका कमी दिसतो. नकाशातले लाल आणि हिरवे प्रदेश त्याला वेगळे काढता येत नाहीत, मिथिल ऑरेंजच्या रंगबदलाशी तो अडखळतो, आणि आपण त्याला निष्काळजी ठरवून मोकळे होतो. फळ्यावर पांढरा आणि पिवळा खडू वापरावा, नकाशात रंगांच्या जोडीला रेघा-ठिपके द्यावेत. शंका आली तर इशिहाराच्या तक्त्यांची तपासणी नेत्रतज्ज्ञाकडे काही मिनिटांत होते.