उमटली नाही ती रेघ

१००० टन कोळंबी घ्या. तिच्यात सगळं मिळून ०.१५ ग्रॅम क्लोरॅम्फेनिकॉल असलं, तरी युरोपीय संघाच्या आजच्या नियमाने तो माल अडतो. हे प्रतिजैविक क्वचित एखाद्या माणसाची अस्थिमज्जा निकामी करतं, आणि ते किती मात्रेला होईल हे सांगता येत नाही. म्हणून सुरक्षित मर्यादा अशी ठरवलेलीच नाही. २००१-०२मध्ये आशियातून युरोपात गेलेल्या कोळंबीत ते सापडलं आणि मोठी खळबळ उडाली. आज आंध्रातल्या भीमावरमसारख्या भागात युरोपला जाणारी कोळंबी तळ्यातून काढण्याआधीच तिचा नमुना प्रयोगशाळेत जातो.

एवढासा अंश सापडतो कसा? प्रतिपिंडांमुळे, म्हणजे परक्या रेणूला ओळखून धरण्यासाठी शरीर बनवतं त्या प्रथिनांमुळे. पण क्लोरॅम्फेनिकॉलचा रेणू इतका लहान, की प्राण्याच्या शरीराला टोचला तरी त्याची दखलच घेतली जात नाही. मग तो एखाद्या मोठ्या प्रथिनाला जोडून टोचतात. शरीर प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं, आणि त्यांतली काही नेमकी त्या चिमुकल्या रेणूला ओळखणारी निघतात!

पुढची युक्ती तर मला फारच सुंदर वाटते. गरोदरपणाच्या चाचणीतलं संप्रेरक मोठं असतं, त्याला दोन प्रतिपिंडं दोन बाजूंनी धरतात आणि रेघ उमटते. इथे दोघांना धरायला जागाच नाही. म्हणून पट्टीवरच्या रेघेत तेच औषध आधीपासून बसवून ठेवतात. रंगीत प्रतिपिंडं नमुन्याच्या द्रवासोबत वाहत येतात. नमुना स्वच्छ असेल तर ती रेघेवर अडकतात आणि रंग दिसतो. नमुन्यात औषध असेल तर ती वाटेतच त्याला धरून बसतात, आणि रेघेला न थांबता पुढे निघून जातात. इथे रेघ न उमटणं हाच पुरावा! पट्टीच बिघडलेली नाही ना, हे कळावं म्हणून पुढे आणखी एक रेघ असते. ती प्रत्येक वेळी उमटलीच पाहिजे. १९७१मध्ये पुढे आलेल्या ‘एलायझा’ पद्धतीतही हेच तत्त्व वापरता येतं. तिथे रंग जितका फिका, तितकं औषध जास्त.

कोळंबीत शोधली जाणारी नायट्रोफ्युरान गटाची प्रतिजैविकं आणखी चकवतात. मूळ औषध काही तासांत नाहीसं होतं, पण त्याचे तुकडे मांसातल्या प्रथिनांना आठवडेच्या आठवडे चिकटून राहतात. ते आम्लाने सोडवायचे, त्यांना दुसरा रेणू जोडून प्रतिपिंडाला ओळखता येईल एवढे मोठे करायचे, आणि यासाठी नमुना बहुधा रात्रभर ३७ अंशांवर ठेवायचा.

त्यांतला सेमिकार्बाझाइड हा तुकडा तर कवचधारी प्राण्यांच्या कवचात निसर्गतःही आढळतो. म्हणजे कुठलंही औषध न घातलेली कोळंबीसुद्धा दोषी ठरू शकते. त्यासाठी नमुना नीट सोलून घ्यावा लागतो, आणि संशय आलाच तर शेवटचा निर्णय रेणूंचं वस्तुमान मोजणाऱ्या यंत्रावर सोपवतात.