बंदूक लांब पडते? नळी कापू नका, खोलून न्या!

निवडणूक लागली की परवान्याची बंदूक पोलीस ठाण्यात जमा करण्याचा निरोप अनेकांना येतो. परवाना नूतनीकरण, दुरुस्ती यासाठीही बंदूक घेऊन तालुक्याला जावं लागतं. चार फुटांची बंदूक दुचाकीवर न्यायची म्हणजे कसरतच. मग कोणीतरी सल्ला देतो, "नळी थोडी कापून घे, सुटसुटीत होईल."

हा सल्ला थेट तुरुंगात नेणारा आहे. शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 6 नुसार वेगळा परवाना असल्याशिवाय बंदुकीची नळी आखूड करता येत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर या गुन्ह्याला किमान 7 वर्षं ते जन्मठेप आणि दंड अशी शिक्षा आहे. बंदूक परवान्याची आहे, पीक राखायला घेतली आहे, हे सांगून सुटका होत नाही.

मग करायचं काय?

मधून मोडून काडतूस भरायची बारा बोअर बंदूक असेल, तर ती न कापताच लहान होते. आधी बंदूक उघडून आत काडतूस नाही, हे डोळ्यांनी बघा आणि बोट लावून खात्री करा. बंदूक बंद करून नळीखालचा लाकडी भाग काढा. मग परत उघडली की नळी दस्त्यापासून सुटते. सगळ्यात लांब तुकडा म्हणजे नळी, ती साधारण अडीच फूट भरते. पहिल्यांदा करताना जाणकाराकडून शिकून घ्या, जोर लावू नका.

ठासणीची बंदूक अशी खोलायच्या भानगडीत पडू नका. ती रिकामी करूनच न्या. नुसती केप काढली म्हणजे बंदूक रिकामी झाली असं नाही, दारू आत तशीच असते.

नेताना हे लक्षात ठेवा:

• बंदूक तिच्यासाठीच्या कव्हरमध्ये, पूर्ण झाकून न्या. काडतुसं वेगळ्या पिशवीत ठेवा.

• मूळ परवाना जवळ हवाच. सुटे भागही कायद्यानं शस्त्रातच मोडतात.

• परवाना कोणत्या हद्दीपुरता आहे ते वाचा. हद्दीबाहेर न्यायची असेल तर आधी परवाना देणाऱ्या कार्यालयात विचारा.

• शक्यतो स्वतःच न्या. दुरुस्ती किंवा नूतनीकरणासाठी दुसऱ्याला पाठवायचं असेल तर परवानाधारकाची लेखी संमती त्याच्याजवळ हवी.

• वाटेत पोलिसांनी थांबवलं तर पिशवीला हात घालण्याआधी सांगा, "साहेब, आत परवान्याची बंदूक आहे."

• चहाला थांबलात तरी बंदूक गाडीला अडकवून ठेवू नका.

ठाण्यात बंदूक जमा केल्यावर पावती घ्या. तिच्यावरचा बंदुकीचा नंबर परवान्याशी तिथंच ताडून बघा. घरी आल्यावर बंदूक आणि काडतुसं वेगवेगळी, कुलपात ठेवा. पोरांचा हात पोचेल अशा जागी तर अजिबात नको.