ख्रिस्ती श्रद्धा आणि अर्थपूर्ण जीवन : टिळक दांपत्य व पंडिता रमाबाई यांच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना :

मानवी जीवनाचे साफल्य कशात आहे, हा प्रश्न सर्व धर्मपरंपरांनी आपापल्या परीने हाताळला आहे. हिंगोली जिल्ह्यातील गोरेगाव परिसराला हा प्रश्न नवा नाही. याच जिल्ह्यातील नर्सी हे संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते आणि नामदेवांची 61 पदे शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात समाविष्ट आहेत. एका प्रांतातील भक्ती दुसऱ्या प्रांताच्या व दुसऱ्या धर्मपरंपरेच्या ग्रंथात सन्मानाने स्थान मिळविते, ही घटना भक्तीच्या व्यापकतेची साक्ष देते. महाराष्ट्रातील ख्रिस्ती श्रद्धेचा विचार करताना हीच व्यापकता ध्यानी घ्यावी लागते. मराठी ख्रिस्ती परंपरा ही केवळ परकीय मिशनऱ्यांची निर्मिती नसून तिला संतपरंपरेचे, मराठी भाषेचे आणि येथील समाजसुधारणेचे अधिष्ठान आहे.

मराठवाड्यापुरते पाहता, 1843 मध्ये बाप्तिस्मा घेतलेले रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जालन्याजवळ 'बेथेल' ही वसाहत स्थापन केली व अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजात कार्य केले. तथापि श्रद्धेमुळे व्यक्तीच्या अंतरंगात नेमके काय घडते, याचे सर्वांत तपशीलवार लेखी पुरावे रेव्ह. नारायण वामन टिळक, लक्ष्मीबाई टिळक आणि पंडिता रमाबाई यांच्या चरित्रांत आढळतात. म्हणून प्रस्तुत लेखात या तीन व्यक्तींचा विचार केला आहे.

उद्दिष्टे :

1) ख्रिस्ती विचारातील 'विपुल जीवन' ही संकल्पना स्पष्ट करणे.
2) टिळक दांपत्य व पंडिता रमाबाई यांच्या जीवनात ही संकल्पना कशी साकार झाली, हे पाहणे.
3) या श्रद्धेसाठी त्यांना द्याव्या लागलेल्या किमतीचा विचार करणे.

'विपुल जीवन' : संकल्पना

योहानकृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात येशू स्वतःला उत्तम मेंढपाळ म्हणवितो आणि माणसांना भरभरून जीवन मिळावे, हा आपल्या येण्याचा हेतू सांगतो. येथील विपुलता म्हणजे धनधान्याची समृद्धी नव्हे. याच अध्यायात मेंढपाळ मेंढरांसाठी स्वतःचा प्राण देतो, असे सांगितले आहे. म्हणजेच ख्रिस्ती विचारात जीवनाची पूर्णता संचयात नसून समर्पणात आहे. मत्तयकृत शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनात हाच विचार आचरणाच्या पातळीवर येतो. तेथे दीन, शोकग्रस्त, दयाळू व शांती प्रस्थापित करणारे लोक धन्य मानले आहेत, तसेच शत्रूवरही प्रेम करण्याची अपेक्षा व्यक्त केली आहे. जगाच्या मापाने जे अपयशी, ते येथे धन्य ठरतात. ईश्वराशी पुत्रत्वाचे नाते, अंतःकरणाचे परिवर्तन आणि शेजाऱ्याची सेवा हे या जीवनाचे तीन घटक म्हणता येतील.

नारायण वामन टिळक : शोधाकडून समर्पणाकडे

नारायण वामन टिळक यांचा जन्म 6 डिसेंबर 1861 रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. बुद्धिमत्ता, कवित्व व संस्कृतचा व्यासंग असूनही त्यांचे मन अस्थिर होते. 1893 मध्ये नागपूरहून राजनांदगावकडे जाताना रेल्वेच्या डब्यात एका युरोपीय सहप्रवाशाशी त्यांचा संवाद झाला. त्याने त्यांना नव्या कराराची प्रत दिली. ग्रंथ वाचण्यास त्यांनी आरंभ केला तो जिज्ञासेपोटी, परंतु डोंगरावरील प्रवचनाने त्यांच्या मनाचा ठाव घेतला. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

टिळकांचे वैशिष्ट्य असे की धर्मांतर केल्यावर त्यांनी आपली सांस्कृतिक मुळे तोडली नाहीत. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, अशी त्यांची धारणा होती. अभंग, ओवी, भजन व कीर्तन या मराठी मनाला परिचित माध्यमांतून त्यांनी ख्रिस्तभक्ती व्यक्त केली. त्यांची 'अभंगांजली' व ओवीबद्ध 'ख्रिस्तायन' ही याची ठळक उदाहरणे होत. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांनी 1616 मध्ये प्रकाशित केलेल्या 'ख्रिस्तपुराणा'ने ओवी व ख्रिस्तकथा यांचा जो संगम घडविला होता, त्याच वाटेवरचा हा पुढील टप्पा मानता येईल. मराठी चर्चमध्ये आजही टिळकांची पदे गायिली जातात.

1912 पासून त्यांनी 'ज्ञानोदय' या नियतकालिकाच्या मराठी विभागाचे संपादन केले. 1917 मध्ये मात्र त्यांनी अमेरिकन मराठी मिशनची वेतनावरील सेवा सोडली आणि सातारा येथे 'देवाचा दरबार' ही कल्पना मांडली. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले असे सर्व ख्रिस्तभक्त एकत्र यावेत, ही त्यामागील भूमिका होती. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी निश्चित उत्पन्न सोडणे हे व्यवहाराच्या दृष्टीने धाडस होते. परंतु श्रद्धा ही नोकरीचा भाग होऊ नये, याकडे त्यांचा ओढा होता. 9 मे 1919 रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

लक्ष्मीबाई टिळक : दुःखातून आलेली दृष्टी

टिळकांच्या निर्णयाची सर्वांत मोठी किंमत त्यांच्या पत्नीला मोजावी लागली. पतीने बाप्तिस्मा घेतल्याचे कळले तेव्हा लक्ष्मीबाई लहान मुलासह माहेरच्या माणसांत होत्या. त्यापुढील सुमारे पाच वर्षे पती जिवंत असून त्या पतीविना राहिल्या. त्यांपैकी काही काळ पंढरपुरात गेला. एका व्यक्तीची आध्यात्मिक तृप्ती दुसऱ्या व्यक्तीच्या वेदनेचे कारण ठरू शकते, हे सत्य येथे दृष्टीआड करता येत नाही. 'स्मृतिचित्रे'मध्ये लक्ष्मीबाईंनी ही वेदना लपविली नाही, तसेच तिचे भांडवलही केले नाही.

त्यांचे परिवर्तन पतीच्या आज्ञेने घडले नाही, ही बाब महत्त्वाची आहे. बाजारातून आलेली प्रत्येक वस्तू धुऊन घेणाऱ्या, सोवळ्याने ग्रासलेल्या पित्याच्या घरात त्या वाढल्या होत्या. पतीकडे परतल्यानंतरही त्यांनी सुरुवातीस आपले सोवळे सांभाळले. पुढे जातिभेद ईश्वराने केलेला नसून माणसाने केलेला आहे, या निष्कर्षाप्रत त्या स्वतःच्या विचाराने आल्या. सर्वांच्या हातचे अन्नपाणी घेण्याचा निर्णय त्यांनी बाप्तिस्म्यापूर्वीच केला. 1900 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. म्हणजे त्यांच्या बाबतीत समतेची जाणीव आधी व धर्मप्रवेश नंतर असा क्रम दिसतो.

शाळेचे तोंड न पाहिलेल्या या स्त्रीने पुढे मराठीतील श्रेष्ठ आत्मचरित्र लिहिले. टिळकांनी आरंभलेल्या व अपूर्ण राहिलेल्या 'ख्रिस्तायना'चे बहुतेक अध्यायही त्यांनीच रचले. अनाथ व निराधार मुलांना त्यांच्या घरात आश्रय मिळाला. बालकवी ठोमरे यांनाही या घराचा जिव्हाळा लाभला. 'स्मृतिचित्रे'तील प्रसन्न विनोद हा सुखवस्तू जीवनातून आलेला नाही. दारिद्र्य, वियोग व अपत्यमृत्यू पचवून तो आला आहे. विपुल जीवनाचा अर्थ दुःखाचा अभाव असा नसून दुःखातही प्रेम करण्याची शक्ती असा आहे, हे त्यावरून स्पष्ट होते.

पंडिता रमाबाई : श्रद्धेचे सामाजिक रूप

पंडिता रमाबाईंनी (1858-1922) दुष्काळात आई-वडील गमावले, विवाहानंतर दोन वर्षांच्या आत त्यांना वैधव्य आले. 1883 मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. परंतु त्यांनी स्वतः नमूद केल्याप्रमाणे, तेव्हा त्यांना ख्रिस्ती धर्म मिळाला होता, प्रत्यक्ष ख्रिस्त मिळाला नव्हता. ती अंतःशांती त्यांना सुमारे आठ वर्षांनी लाभली. धर्माचा स्वीकार आणि श्रद्धेचा अनुभव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या उदाहरणावरून समजते.

1889 मध्ये मुंबईत सुरू झालेले व नंतर पुण्यात हलविलेले 'शारदा सदन' हे विधवांच्या शिक्षणाचे केंद्र होते. 1893 मध्ये धर्मांतराच्या शंकेवरून वाद उद्भवला, सल्लागार मंडळातील मान्यवर बाजूला झाले व अनेक पालकांनी मुली काढून घेतल्या. यानंतरही कार्य थांबले नाही. 1896-97 च्या मध्य प्रांतातील व 1899-1900 च्या गुजरातेतील दुष्काळात त्यांनी शेकडो निराधार स्त्रिया व मुलींना केडगाव येथील 'मुक्ती'मध्ये आणले. तेथे शेती, विणकाम, छपाई इत्यादी उद्योग शिकविले जात. कन्या मनोरमा यांच्या प्रयत्नांतून अंधांसाठी ब्रेल शिक्षणाची सोय झाली. हिब्रू व ग्रीक भाषा शिकून रमाबाईंनी संपूर्ण बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले. येथे प्रार्थना व श्रम, अध्यात्म व स्वावलंबन यांत भेद उरत नाही.

निष्कर्ष :

1) ख्रिस्ती विचारातील जीवनाची पूर्णता ही ऐहिक सुखापेक्षा ईश्वराशी नाते व मानवसेवा यांवर आधारलेली आहे.
2) तिन्ही व्यक्तींचे परिवर्तन वाचन, चिंतन व आत्मपरीक्षण यांतून क्रमाक्रमाने घडले.
3) श्रद्धा बदलली तरी भाषा व संस्कृती यांशी नाते टिकविता येते, हे टिळकांच्या काव्यातून सिद्ध होते.
4) श्रद्धेच्या निर्णयाचे परिणाम कुटुंबालाही भोगावे लागतात. त्या वेदनेची दखल घेणे हा प्रामाणिक अभ्यासाचा भाग आहे.
5) जातिभेदाचा त्याग व निराधारांना आश्रय ही या श्रद्धेची सामाजिक फलश्रुती होय.

समारोप :

श्रद्धेची कसोटी ती किती उच्चरवाने सांगितली जाते यावर नसून तिच्यामुळे माणूस दुसऱ्याच्या किती जवळ जातो यावर असते. टिळकांनी वेतन सोडले, लक्ष्मीबाईंनी सोवळे सोडले, रमाबाईंनी विद्वत्तेतून मिळणारी प्रतिष्ठा पणाला लावली. या त्यागानंतर त्यांच्या वाट्याला रिक्तता आली नाही. काव्य, आत्मचरित्र आणि 'मुक्ती'सारखी संस्था अशी फळे त्यातून निर्माण झाली. नामदेवांच्या भूमीत वाढणाऱ्या विद्यार्थ्यांना धर्म कोणताही असो, अर्थपूर्ण जीवनाची ही खूण ओळखीचीच वाटेल.