अक्षय्य उदक

वैशाख शुद्ध तृतीया ही युगादि तिथी होय. या दिवशी केलेले स्नान, दान, जप व तर्पण अक्षय होते, अशी आपल्या धर्मशास्त्राची ग्वाही आहे. चैत्रगौरीची पाठवणी, आंब्याची डाळ आणि पन्हे यांनी घर प्रसन्न झालेले असते. परंतु या तिथीचे मर्म एका मातीच्या घटात साठवलेले आहे. वाळा घातलेल्या शीतल पाण्याचा तो धर्मघट आपण पितरांच्या नावे देतो. श्राद्धविधीतही ‘अक्षय्योदक’ म्हणून एक अंग आहे. कधीही न सरणारे पाणी, असा त्या शब्दाचा अर्थ. हा अर्थ मी चाळीस वर्षे कीर्तनातून सांगत आलो. पण तो मला स्वतःला उमगला 2024 च्या वैशाखात, पाणी सरलेल्या एका धरणाच्या तळाशी!

आमचे वास्तव्य पंढरपुरी, परंतु मूळ गाव इंदापूर तालुक्यातील भीमाकाठचे पळसदेव. उजनीचे धरण 1980 मध्ये पुरे झाले. तत्पूर्वीच, मी सोळा-सतरा वर्षांचा असताना, आमचे जुने गाव यशवंतसागराच्या उदरात गेले. माणसे वर सरकली, नवे गाव वसले. पळसनाथाचे जुने दगडी देवालय मात्र पाण्यातच राहिले. जलाशय ओसरला की त्याचे शिखर दिसू लागते. तेच पाणी उजनीतून सुटून आषाढीस चंद्रभागेत येते व लक्षावधी वारकरी त्यात स्नान करतात. त्यामुळे गाव बुडाल्याचा विषाद मी कधी धरला नाही.

विषाद होता तो निराळाच. बुडालेल्या वाड्याची भरपाई मिळाली आणि तिच्या वाटणीवरून माझे तीर्थरूप व माझे चुलते यांच्यात वितुष्ट आले. “त्याच्या घरचे पाणी मला वर्ज्य,” असे दोघेही बोलून गेले व त्या शब्दांतच दोघांनी देह ठेवला. चुलते गेल्याचा निरोप आला तेव्हा मी परगावी कीर्तनात होतो; नंतरही भेटीस गेलो नाही. वाचकहो, लज्जेने सांगतो, त्या रात्री माझे आख्यान भरतभेटीचे होते!

त्या वर्षी नातवाने विचारले, “आजोबा, आपले गाव खरेच आहे का, की गोष्टीतले?” तेव्हा मनात आले की, भीमामाईच्या काठाकाठाने या मुलांना आपली माणसे व आपली स्थाने दाखवावीत. चैत्र वद्य द्वादशीचे पारणे करून आम्ही उभयता, चिरंजीव, सूनबाई आणि दोन नातवंडे असे निघालो. पहिला मुक्काम नीरा-नरसिंहपुरी, नीरा-भीमेच्या संगमावर. तेथे धाकट्या भगिनीच्या घरी पुरणाचा नैवेद्य झाला. पुढे भीमेच्या उत्तरतीरी सिद्धटेकचा सिद्धिविनायक झाला. वाटेत दौंड लागले. तेथे माझे चुलतबंधू राहतात. सौभाग्यवतीने हलकेच विचारले, “येथे उतरायचे नाही?” मी म्हटले, “परतताना पाहू.” ती काही बोलली नाही.

राजगुरुनगरास, म्हणजे जुन्या खेडास, आमच्या आत्याबाई असतात. वय शहाऐंशी, वडिलांच्या पिढीतील त्या एकट्याच उरलेल्या. भीमाशंकरी ज्योतिर्लिंगाचे दर्शन घेऊन, भीमेचे उगमस्थान मुलांना दाखवून आम्ही त्यांच्याकडे परतलो. मी म्हटले, “आत्या, तृतीयेस पळसदेवी तर्पण करावे म्हणतो. यंदा देऊळ पूर्ण उघडे पडले आहे. तुम्ही चला.” त्या म्हणाल्या, “येते. पण दौंडावरून. तिथे पाणी प्यायल्याशिवाय मी पुढे पाऊल टाकायची नाही.”

दौंडास बंधूंच्या दारी गाडी थांबली तेव्हा माझे पाय जड झाले होते. जन्मभर सहस्रावधी श्रोत्यांसमोर बोललो. त्या उंबऱ्यावर एक शब्द सुचेना. बंधू आतून आले, क्षणभर पाहत राहिले व आत वळले. ‘संपले,’ असे मला वाटले. तोच ते तांब्या-भांडे घेऊन आले. “दादा, उन्हातून आलात. आधी पाणी घ्या,” एवढेच म्हणाले. मी ते पाणी प्यालो. आत्याबाईंनी पदराने डोळे पुसले आणि त्याही प्याल्या.

अक्षय्य तृतीयेच्या प्रभाती दोन्ही घरची माणसे जुन्या पळसदेवी उतरलो. उजनीचे पाणी सुमारे 117 अब्ज घनफूट. त्यातील निम्म्याहून अधिक ‘मृत साठा’ म्हणून गणले जाते. त्या वर्षी तो मृत साठाही आटत चालला होता. भेगाळलेल्या गाळातून चालत देवळाशी गेलो. शिखर, सभामंडप, वीरगळ सारे उन्हात उभे होते. मुले हर्षाने टाळ्या पिटू लागली. मला मात्र तो हर्ष निर्भेळ वाटेना. देऊळ दिसावे म्हणून पाणी आटले नव्हते. पाऊस रुसला होता. गावोगाव माणसे टँकरची वाट पाहत होती.

मग आम्ही आपला वाडा शोधू लागलो. मी म्हटले, “देवळाच्या दारापासून हे चौथे जोते आपले.” बंधू म्हणाले, “छे! आपले ते, पलीकडचे. तिथे पिंपळ होता.” मी म्हटले, पिंपळ या बाजूस होता. पाऊणशे पावलांच्या अंतरात दोन ढिगारे, आणि त्यांपैकी कोणता आमचा, हे दोघांपैकी एकालाही शपथेवर सांगता येईना. ज्या वास्तूच्या वाटणीवरून दोन सख्खे भाऊ जन्माचे तुटले, ती वास्तू कोणती हेच त्यांच्या मुलांना ओळखता येत नव्हते!

दोघांनी आत्याबाईंकडे पाहिले. त्यांनी दोन्ही जोती निरखली आणि शांतपणे म्हणाल्या, “दोन्हीकडे पाणी घाला.”

त्यांना वाडा ओळखू आला होता की नाही, हे मी विचारले नाही. बंधूंनी एकीकडे व मी दुसरीकडे उदक सोडले. नंतर एकत्र बसून तर्पण केले. माझ्या ओंजळीतून चुलत्यांचे नाव निघाले, त्यांच्या ओंजळीतून माझ्या तीर्थरूपांचे. तेव्हा उमगले की, धरणातील पाणी मोजता येते. ते भरते आणि आटते. माणसाने माणसाच्या ओंजळीत घातलेले पाणी मात्र मोजणीत येत नाही. तेच अक्षय्य.

धर्मघट कोणास द्यावा, असा प्रश्न निघाला. बंधू म्हणाले, “दादा, यंदा तहानलेल्यालाच देऊ.” नव्या गावाजवळ रस्त्याच्या कडेला आम्ही दोन रांजण मांडले, वाळा घातला, वर ओले फडके बांधले. पहिले भांडे एका मेंढपाळाने घेतले.

आता बालपणीचे ठिकाण आपल्याला कोठे सापडते, असे कोणी विचारल्यास मी जोत्याकडे बोट दाखवत नाही, दौंडाकडे दाखवतो. वाचकहो, या तृतीयेस आपल्या घरी धर्मघट भरला जाईल, पितरांची नावे घेतली जातील. त्यापूर्वी क्षणभर आठवावे की, आपल्याच कुळातील कोणाच्या घरचे पाणी आपण वर्ज्य केले आहे काय? केले असल्यास त्या दारी जावे. तेथे तांब्या पुढे येईलच, असे मी सांगू शकत नाही. परंतु न जाता केलेले तर्पण पितरांना पोचत असेल, असे मला आता वाटत नाही.