धाडस पित्ताशयात, दुःख आतड्यात

पित्ताशयात खडे झालेल्या पेशंटला मी बिनदिक्कत सांगते, 'काढून टाकू, त्याच्यावाचून काही अडत नाही.' यकृताखाली चिकटलेली, दोन-तीन मोठे चमचे पित्त मावेल एवढी ती पिशवी. चीनमध्ये डॉक्टरकी शिकताना मात्र वॉर्डातल्या एका आजोबांनी शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी विचारलं होतं, 'हे काढल्यावर मी भित्रा होईन का?' ते अर्धी थट्टाच करत होते. पण प्रश्न अस्सल चिनी होता, कारण त्या भाषेत माणसाचं सगळं धाडस पित्ताशयात असतं. धीट माणसाचं पित्ताशय मोठं, भित्र्याचं लहान, आणि अगदीच घाबरटाचं उंदरासारखं. (प्रयोगशाळेत पाळतात त्या मोठ्या जातीच्या उंदराला पित्ताशय नसतंच. म्हण रचणाऱ्याला हे ठाऊक असेल असं वाटत नाही.)

पित्ताची सगळ्यांत प्रसिद्ध गोष्ट युए राज्याच्या गौजिआन राजाची. इसवी सनापूर्वी ४९४ मध्ये वू राज्यानं त्याचा पराभव केला. कैदेतून सुटून परत आल्यावर त्यानं पित्ताशय टांगून ठेवलं आणि जेवताना तो ते चाटू लागला. अपमानाचा कडूपणा जिभेवरून जाऊ नये म्हणून. इसवी सनापूर्वी ४७३ मध्ये त्यानं वू राज्य बुडवलं. आजही परीक्षेला बसणाऱ्या चिनी मुलांना शिक्षक ही गोष्ट ऐकवतात.

हेच पित्त इंग्रजीत गेलं की धाडसाचा उर्मटपणा होतो. भलतीच आगळीक करणाऱ्याच्या अंगात 'गॉल' आहे, असं इंग्रज म्हणतो. आणि आपलं तर पित्त खवळतं.

असं का, याचं उत्तर मला जुन्या वैद्यकात दिसतं. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या 'ह्वांगदी नेइजिंग' या चिनी वैद्यकग्रंथात शरीर म्हणजे एक दरबार आहे. हृदय राजा, यकृत सेनापती, जठर आणि प्लीहा कोठारावरचे अधिकारी, आणि पित्ताशय हा निःपक्षपाती अंमलदार, निर्णय त्याच्याकडून निघतात. निर्णय घेणारा तोच, तर हिंमतही त्याचीच, हे ओघानं आलं. युरोपात हिपोक्रेटिस आणि गॅलेन यांच्या परंपरेनं शरीरात चार रस मानले. त्यातलं पिवळं पित्त वाढलं की माणूस तापट, काळं वाढलं की उदास, आणि काळ्या पित्ताचं घर प्लीहा. म्हणून इंग्रजीत राग बाहेर काढणं म्हणजे प्लीहा मोकळी करणं. गंमत अशी की चिनी भाषेतही स्वभावाला 'प्लीहेची हवा' म्हणतात आणि ती सोडली की माणूस भडकला. चिनी वैद्यकाप्रमाणे राग यकृताचा, प्लीहेकडे विचार करण्याचं काम. म्हणजे इथे भाषेनं आपल्याच वैद्यांचंही पुरतं ऐकलेलं नाही.

'हवा' हा शब्द इथे महत्त्वाचा. निंग यू या अभ्यासकानं १९९५ साली इंग्रजी आणि चिनी भाषांतल्या रागाची तुलना केली. इंग्रजी माणसाचा राग उकळतो, खदखदतो, तो भांड्यातला तापलेला द्रव असतो. चिनी माणसाच्या अंगात हवा तयार होते, कोंडते आणि फुटते. आपण मराठीत उकळणाऱ्यांच्या बाजूचे, 'रक्त खवळलं' म्हणणारे.

आतड्यांच्या बाबतीत मात्र आपण थेट चिन्यांच्या घरात आहोत. इंग्रजीत आतडी म्हणजे धमक. चिनीत आतडं तुटतं ते दुःखानं, हुबेहूब आपल्यासारखं. पाचव्या शतकातल्या एका किस्से-संग्रहात याची गोष्ट आहे. सेनापती ह्वान वन यांग्त्सेच्या घळींतून नौका घेऊन चालला असता एका सैनिकानं माकडाचं पिल्लू पकडलं. आई काठाकाठानं आक्रोश करत शंभरावर ली (अंतराचं चिनी माप) धावली, अखेर तिनं नौकेत उडी घेतली आणि तिथेच प्राण सोडला. पोट फाडून पाहिलं तर आतड्यांचे तुकडे तुकडे झालेले. ह्वान वननं त्या सैनिकाला हाकलून दिलं. डॉक्टर म्हणून ते शवविच्छेदन मला पटत नाही. बाकी सगळं पटतं.

कातडीच्या बाहेर आलं की एवढा घोळ राहत नाही. नदीला मुख, डोंगराला पाय, टेबलालाही पाय, सुईला डोळा, हे इंग्रजीत आणि चिनीत दोन्हीकडे आहे, कारण हातपाय सगळ्यांनाच दिसतात. घड्याळाला इंग्रजीत हात असतात, चिनीत सुया आणि आपल्याकडे काटे, इतकाच काय तो फरक.

एक फरक मात्र साधा नाही. माणसं मोजताना इंग्रज डोकी मोजतो, आपणही 'दरडोई' म्हणतो. चिनी तोंडं मोजतात. 'तुमच्या घरी किती तोंडं?' हा तिथे सभ्य प्रश्न आहे. लोकसंख्येला शब्द 'माणूस-तोंड', आणि ज्या कौटुंबिक नोंदणीवर सरकारी शाळा, दवाखाना, गावातून शहरात जाऊन हक्कानं राहणं अवलंबून, तिचं नाव 'हुखौ', म्हणजे घर आणि तोंड. १९५८ च्या कायद्यानं ती देशभर पक्की झाली. दुष्काळांचा एवढा मोठा इतिहास असलेल्या देशानं डोक्याऐवजी तोंड मोजावं, यात मला नवल वाटत नाही.

काही माल चिनीतून इंग्रजीतही गेला. मानहानीला 'चेहरा गमावणं' म्हणायची इंग्रजी रीत एकोणिसाव्या शतकात चीनमध्ये राहणाऱ्या इंग्रजांनी तिथून उचलली. 'ब्रेनवॉशिंग' हा चिनी शब्दाचा सरळ तर्जुमा १९५० मध्ये एडवर्ड हंटर या अमेरिकी पत्रकारानं छापला. चिनीत त्याआधी किती तरी शतकं धुतलं जात होतं ते हृदय, आणि त्याचा अर्थ होता सुधारणं.

कारण चिनी हृदय विचारही करतं. 'विसरणं' या अक्षरात खाली हृदय आहे, वर 'हरवणं'. सावध राहा म्हणजे 'लहान हृदय'. ओल्या फरशीवरच्या पाटीवर हेच लिहिलेलं असतं. मानसशास्त्र म्हणजे हृदयाच्या नियमांचं शास्त्र. त्यामुळे तिथल्या मोठ्या इस्पितळांत हृदयरोग विभाग आणि मानसोपचार विभाग यांच्या नावांत मधल्या एकाच अक्षराचा फरक असतो, आणि छातीत धडधडतंय म्हणून आलेला एखादा पेशंट भलत्याच विभागाचा नंबर घेऊन बसतो. धडधड काळजीमुळेच असेल, तर त्याला उठवून दुसरीकडे पाठवायचीही गरज नसते.